सात प्रलंबित

गाडीचा नंबर टाका, मग चॅसीचे शेवटचे चार आकडे.
ते मी टॉर्च धरून, फरशीवर गुडघे टेकून वाचले.
पडद्यावर थोडा वेळ गोल फिरलं,
मग माझं नाव आलं, वडिलांच्या नावासकट,
आणि खाली लाल अक्षरांत: सात प्रलंबित.

मी कळव्याच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक.
एकोणतीस वर्षं ब्युरेट धुतोय.
पिवळा लागला की थांबतो.
मागचे आईवरून बोलतात, तरी थांबतो.
पाम बीच रोड पाहिलाय एकदाच,
मेहुणीच्या मुलीच्या बारशाला,
तोही रिक्षातून, मांडीवर पाळण्याचं खेळणं घेऊन.

आणि इथे मी
रात्री अकरा सत्तेचाळीसला करावे गावाच्या वळणाशी,
ताशी एक्क्याण्णव.
इथे बेलापुरात उलट दिशेनं, डोकं उघडं.
इथे वाशीत, लाल असताना,
मागे एक बाई, तिच्या कुशीत टेबल फॅन.
जाळी निघालेली आहे. पाती धूसर आलीत,
वाऱ्यानंच फिरत असणार.

पांढरी गाडी, नंबर माझाच.
माझ्या मडगार्डला उजवीकडे पोचा आहे,
तीन वर्षांपूर्वी बर्फाच्या टेम्पोनं दिलेला.
त्याच्या नाही.

शनिवारी लोकअदालत, कोर्ट नाका.
रांग जिन्यावरून खाली, झेरॉक्सवाल्याच्या पुढे.
माझ्या पुढचा डिलिव्हरीचा पोरगा, चौतीस चलनांचा,
वळून म्हणाला, काका, सातच?
सातासाठी सुट्टी टाकलीत?
मी पिशवी दाखवली त्याला:
पोच्याचे फोटो, चार बाजूंनी, पट्टी लावून,
शाळेच्या मस्टरची पानं,
मुख्याध्यापिकांचं पत्र, सदर कर्मचारी सरळमार्गी आहेत.
त्यानं ते मन लावून वाचलं
आणि काही न बोलता मला पुढे घेतलं.

केणी हरेश्वर बाळाराम!
टेबलामागच्या पेडणेकर बाईंनी मस्टर उलटंपालटं केलं.
रात्री अकराला शाळा असते का तुमची?
अर्धे भरा, आज सुटाल.
नाहीतर आधी पोलीस ठाणं, मग वाहतूक शाखा,
मग तारीख.
मी म्हटलं, बाई, हा माणूस वेगळा आहे.
त्या म्हणाल्या, असेल हो. नाव तुमचं आहे.

तक्रार मी घरूनच टाईप करून आणली होती.
सही तेवढी राहिली होती,
'अज्ञात इसम' या शब्दांच्या बरोबर खाली.
सातही फोटो पुन्हा काढून बघितले बाकावर बसून.
तोंड एकातही नाही.
पाठ, आणि पाठीवर फुगलेला शर्ट,
कुणीतरी आतून फुंकर घातल्यासारखा.
मागे उभ्या एका वकिलानं विचारलं, तुमचा मुलगा का?

सही केली नाही. अर्धेही भरले नाहीत.
कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवले
आणि पूल ओलांडून घरी आलो, नेहमीच्या पस्तिसानं.
पुलाच्या मध्यावर जरासा चाळीस.

मंगळवारी मोबाईल वाजला. आठवं.
चहा तसाच ठेवून उघडलं,
म्हटलं, बघू तरी कुठवर पोचला,
नेरूळ, उलवे, पंखा दुरुस्त झाला का.

कळवा नाका. सकाळी सात छप्पन्न.
पुढचं चाक झेब्रा पट्ट्यांवर, वीतभर.
हेल्मेट, पट्टा लावलेला. डब्याची पिशवी.
मडगार्डला उजवीकडे पोचा.

ब्युरेटचं रीडिंग घेतात तसं
डोळा समपातळीत आणून पाहिलं.
वीतभरच, पण होतं.
पाचशे भरले तिथल्या तिथे, सूट न मागता.

बायकोला फोटो दाखवला.
ती म्हणाली, वाऱ्यानं शर्ट केवढा फुगलाय तुमचा.
मी म्हटलं, गाडी उभी होती.